साबणाच्या कागदावरचे साहेब

त्या साहेबांचं नाव मी घेणार नाही. घेतलं तर चूळ भरावी लागेल.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. कोल्हापुरात साहेबांची तेलाची गिरणी होती. तिच्याच आवारात त्यांनी अंगाच्या साबणाचा कारखाना काढला. मी सिनेमाचे बोर्ड रंगवून हात बसलेला पेंटर. साबणाच्या वेष्टनावरचं चित्र काढायला मला नोकरीवर घेतलं. माझी मावशी तिथंच वड्या कागदात गुंडाळायला होती, तिच्यासारख्याच आणखी वीस-पंचवीस बायकांबरोबर. मला तिनंच वाढवलेलं, लोकांच्या शेतात भांगलण करून. आयुष्यात पहिल्यांदा सावलीत बसून काम मिळालंय, असं ती येईल-जाईल त्याला सांगायची.

तीन आठवडे खपून मी कमळाचं चित्र केलं. साहेबांनी ते पाहुण्यांसमोर उलटं धरलं, सुलटं धरलं, टेबलावर टाकलं आणि त्यावर चहाची बशी ठेवली. ओली बशी! मी म्हटलं, "साहेब, कमळ का काढलं, सांगू का?"

"पेंटर, तुला हात चालवायला ठेवलंय. तोंड चालवायला मी आहे."

पाहुणे खो खो हसले. माझी कानशिलं तापली. लगेच हुकूम सुटला: वेष्टनावर साहेबांचा चेहरा हवा. फेटा, मिशा, सगळं.

हा साबण बुडणार, हे मला तिथल्या तिथं कळलं. एवढंच बोलायचं होतं, "साहेब, अंगाचा साबण कुठला आणायचा ते घरात बायका ठरवतात. एकदा त्यांना विचारून बघा." पण म्हटलं, थांब बेट्या, तुझं नाक तुझ्याच मिशांनी कापतो. "जी साहेब," म्हणून बाहेर आलो.

घरी मावशीनं कच्चं चित्र बघितलं नि कपाळावर हात मारला. "आगं बया! ह्या मिशाळ बाप्यासमोर अंघूळ कोण करंल रं? जा, सांग जा त्यास्नी."

"त्यानं माझं तोंड बंद केलंय. भोगू दे आता."

"त्यो कशाला भोगतोय? साबण न्हाय खपला तर आमी बसू की घरला. तुझ्या रागापायी माझ्या हातचं काम घालवू नगंस."

मी कच्चं चित्र गुंडाळून ठेवलं. खोटं कशाला बोलू, तिचं म्हणणं पटलं होतं. पण ती ओली बशी डोळ्यांसमोरून हलेना.

चित्र मी जीव ओतून काढलं. मिशीचा केस न् केस. साहेब खूश! "याला म्हणतात काम!" म्हणून पाठीवर थाप मारली. मनातल्या मनात म्हटलं, चढ, आणखी वर चढ.

साबण बाजारात गेला. दुकानात बायका वडी हातात घ्यायच्या, चेहरा बघून पदर सावरायच्या आणि वडी ठेवून द्यायच्या. मुरगूडच्या दुकानदारानं पेट्या परत धाडल्या. आमच्या विक्रीच्या माणसाला म्हणाला, "पावणं, बायकांस्नी लाज वाटती की." मलकापूरच्याही आल्या. पेट्या आवारात उतरायच्या आणि मला नुसत्या गुदगुल्या व्हायच्या. साहेबांना कारण सांगायची कुणाची छाती नव्हती. शेवटी त्यांनी मलाच विचारलं, "पेंटर, चुकलं कुठं?"

मी हात जोडले. "आम्ही काय सांगणार साहेब? आमचं काम हात चालवायचं."

काय सुख वाटलं म्हणून सांगू! इतका गोड घास जन्मात खाल्ला नव्हता.

चार महिन्यांत साबण बंद झाला. साहेबांचं काय वाकडं झालं? तेलाची गिरणी धडधडत होतीच. ते चित्र त्यांनी चौकटीत घालून आपल्या खोलीत लावलं आणि मला तेलाच्या डब्यांची लेबलं रंगवायला कायम केलं. बायकांना मात्र एका सकाळी फाटकावरूनच परत पाठवलं.

मावशीनं चार घरची धुणीभांडी धरली. पहिल्या दिवशी संध्याकाळी आली तेव्हा तिच्या बोटांच्या भेगांत राख बसली होती. भाकरी थापून तिनं मला ताट वाढलं. माझा हात ताटाकडं जाईना.

"आता का तोंड पाडून बसलास?" ती म्हणाली. "झालं न्हवं तुझ्या मनासारखं? जेव."