चंद्रावतीबाईंच्या तळटिपा

पनवेलच्या आमच्या वाचनालयात तळटिपा वाचणारं माणूस मी वीस वर्षांत एकच पाहिलं: चंद्रावतीबाई. निवृत्त शिक्षिका, माहेर गव्हाणचं. बाकीच्यांना शेवटचं पान आधी वाचायची घाई.

१९९१ मध्ये त्यांनी तालुक्याच्या इतिहासाचं नवं पुस्तक माझ्या टेबलावर उघडून ठेवलं. 'छत्तीस सालच्या उधाणात गव्हाणचा बांध फुटला. जीवितहानी नाही.'

"हे खरं असेल ना?"

"छापलंय म्हणजे असेल," मी वैतागून म्हटलं.

मग त्यांनी सांगितलं. तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. धाकट्या बहिणीचा, गोदूचा हात धरून बांधावर उभ्या होत्या, आणि हात सुटला. घरात मात्र सगळे म्हणत, गोदू तापानं गेली, तू स्वप्न पाहिलंस. पंचावन्न वर्षं तो ओला हात त्यांच्या मुठीतून निसटत होता, अगदी वर्गात खडू धरला तरी. पुस्तक खरं निघालं, तर त्या सुटणार होत्या.

मीही मग हट्टाला पेटलो. पुस्तकाच्या तळटिपेत एका प्रबंधाचं नाव होतं. तो मिळवायला चार महिने गेले. प्रबंधाचा आधार एका जुन्या मासिकातला लेख; तो पुण्याहून आला. सगळीकडे तेच, जीवितहानी नाही. बाईंचा चेहरा दर खेपेला उजळायचा. मला मात्र राग येत होता, कारण हे विद्वान एकमेकांचंच उतरवून मोकळे झाले होते. लेखाखाली आधार एकच होता: गावच्या पाटलाचा अहवाल.

"पाटील म्हणजे माझे बाबा," बाई म्हणाल्या.

"मग इथंच थांबू या," मी म्हटलं. त्या ऐकेनात.

एसटीनं अलिबागला गेलो. जिल्हा कचेरीच्या जुन्या दप्तरातून कागद निघाला. मोडी लिपी त्यांना येत होती, मला नाही. त्यांचं बोट ओळींवरून फिरत एका जागी थांबलं. 'जीवितहानी नाही'च्या वर एक ओळ शाईनं खोडलेली होती. त्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि हळूच वाचलं, "जीवितहानी एक. माझी मुलगी गोदू."

"चौकशी झाली असती," त्या म्हणाल्या. "तिच्यासंगती कोन व्हता, ते इचारला असता." जन्मभर शुद्ध भाषा शिकवलेल्या बाईंच्या तोंडून गावची बोली मी पहिल्यांदाच ऐकली. "बाबांनी माझ्यासाठी खोडला."

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या. उजवी मूठ घट्ट मिटलेली होती, ती पनवेल येईपर्यंत सुटली नाही. तिकीटसुद्धा त्यांनी डाव्या हातानं घेतलं.