डावं शिंग

आमचं मालक पेंटर. मंगळवार पेठेत दुकानांच्या पाट्या रंगवायचं. मी शाळेत दुसरीपतूर गेल्ती, पर त्येनी अक्षरं आखून दिली की आत रंग भरायची. त्या साली बेंदराच्या, बैलांच्या सणाच्या, तोंडावर मालक शिडीवनं पडलं आनि उजवा हात मोडला. डॉक्टर म्हनला, "हात सरळ हुईल का न्हाय, सांगता येत न्हाय."

एकच काम अर्धं पडल्यालं. एक पावणं आपल्या म्हाताऱ्या बैलाचं चित्र सांगून गेल्तं, पत्र्यावर, गोठ्यात लावायला. बैलाचा शेवटचा बेंदूर हुता. मालकांनी बैल बघून खडूनं आखला, धड रंगवलं. तोंड आनि शिंगं ऱ्हायल्ती, आनि तितला खडू पुसून गेल्ता. पावणं दुपारी येनार. काम तसंच परत गेलं तर पेंटरचा हात गेला म्हनून पेठभर बोंब. मग पाट्या कोन देतंय?

पावसाळी हवेत ऑइलपेंट वाळत न्हाय, म्हनून शाहूपुरीतनं नवा रंग आनला. पान्यात कालवायचा, अ‍ॅक्रिलिक म्हनत्यात. तोंड झालं. शिंगं काढली, दोन्ही सरळ उभी, मालक समद्या बैलांची काढायचं तशी.

मालक खाटेवरनं वरडलं, "आगं, डावं शिंग वाकल्यालं हाय त्येचं! डोळ्यावर आलंय!"

रॉकेलचा बोळा घेतला. निघंना. पान्यानं घासलं, निघंना. ऑइलपेंट दोन दिस पुसता येतो, ह्यो मेला घटकाभरात दगड.

"आता वं?"

"आता काय! झाक."

चित्रात बैलामागं निळी भिंत हुती, तसलाच निळा रंग शिंगावर मारला. वाळला, परत मारला. मालकांनी डाव्या हाताच्या बोटानं हवेत वाक दावला, तसं शिंग काढलं.

तेवढ्यात दारात घुंगरं वाजली. पावणं बेंदराचं गोंडं घ्यायला गाडी घिऊन आल्तं, गाडीला त्योच बैल, जोडीला दुसरा. चित्र भायेर मागितलं आनि बैलाशेजारी धरलं. बोळातली मानसं गोळा. पावणं एकदा बैलाकडं बगतंय, एकदा पत्र्याकडं. मग पत्रा उजेडाला तिरका केला आनि अंगठा फिरवला. निळ्याखाली पयलं शिंग हाताला लागत हुतं.

"ह्ये काय?"



"चुकल्तं," मी म्हनलं. "सरळ काढल्यालं. झाकलंय."

"पेंटरनं?"

"न्हाय. मी."

शेजारचा एक खिदळला. "बाईनं काढलाय व्हय! मग दूध दील की ह्यो बैल!"

समदी हसली. मी पदर खोचून हुबीच.

पावणं हसलं न्हाईत. बैलाच्या वाकड्या शिंगावर हात ठिवला, परत पत्र्याकडं बगितलं. म्हनलं, "माझाच हाय."

पत्रा गाडीत ठिवून वर पोतं घातलं. मग दुसऱ्या बैलाकडं बोट केलं. "फुडल्या बेंदराला ह्येचं काढा, बाई. आत्ताच बगून ठिवा. ह्येची दोन्ही सरळ हाईत."

गाडी वळली. आतनं आवाज आला, "ब्रश धुतलास का?"

न्हवता धुतला. लाकडागत झाल्ता.

मालकांचा हात काय सरळ झाला न्हाय. फुडं बैल आसू दे न्हायतर पाटी, मीच रंगवायची. त्येनी शेजारी बसून सांगायचं, आनि उठताना इचारायचं, ब्रश धुतलास का.