बटणांच्या डब्यातला सम्राट

शिलाई मशीन चालवून चालवून टाकेवाल्या मावशींचे गुडघे कामातून गेले होते, आणि संडास होता वरच्या मजल्यावर. खाली, जिन्यामागे एक संडास व्हावा, ही त्यांची देवाकडे रोजची मागणी. देवाने ऐकलं, नवऱ्याने ऐकायला जरा जास्त वेळ घेतला.

नवरा पाणीखात्यातून निवृत्त झालेला. मीटर वाचता वाचता त्यांना जगातलं सगळंच वाचता येऊ लागलं, म्हणून गल्लीत नाव पडलं सर्वज्ञ.

गवंड्याने अंगणात संडासाचा खड्डा खणायला घेतला. कपाचा तुटका कान, मातीने भरलेला गंजका डबा, शिवताना बोटात घालायचं, पोचा आलेलं अंगुस्तान आणि एक हिरवं पडलेलं नाणं निघालं. नाण्यावर कुणा सम्राटाचं उरलंसुरलं नाक. सर्वज्ञांनी भिंग लावलं.

"रोमन. अगदी शेवटच्या काळातलं. काम बंद."

"काका, खड्डा अर्धाच झालाय."

"खड्डा नाही, उत्खनन म्हण."

मावशींनी अंगुस्तान ओळखलं. त्यांचंच ते. डबाही त्यांचा, बटणांचा. नाणं त्यांच्या वडिलांना गाळ उपसणाऱ्या बोटीवर सापडलेलं, तेही याच डब्यात ठेवलेलं. लग्नानंतर घर आवरताना 'माहेरचा कचरा' म्हणून नवरदेवांनीच तो डबा पुरला होता. तरी मावशी गप्प राहिल्या. त्यांच्या कचऱ्याला या घरात पहिल्यांदाच मान मिळत होता.

मान वाढतच गेला. शेजारीपाजारी येत, चहा पीत. "रोमन व्यापारी इथेच मुक्कामाला असणार," सर्वज्ञ सांगत. व्यापाऱ्याला अंगुस्तान कशाला लागलं, हे कुणी विचारलं नाही. एकदा मावशींचा जिन्यात पाय घसरला, त्या पायरीवर धपकन बसल्या.

"जरा हळू," खालून सर्वज्ञांचा आवाज आला, "लोक ऐकतायत."

मग संग्रहालयातल्या बाई आल्या. "जागा महत्त्वाची निघाली तर कुंपण घालावं लागेल. वर्षभर तरी."

सर्वज्ञांची छाती फुगली. मावशींनी जिन्याकडे पाहिलं.

"बाई, तो डबा उपडा करा. पांढरी बटणं असतील, आणि एक निळं, कडेला फुटलेलं."

ढेकळातून निळं बटण निघालं.

"डबा माझा, नाणं माझ्या वडिलांचं. पुरलं कुणी, ते ह्यांना विचारा."

सर्वज्ञांना आयुष्यात पहिल्यांदाच काही आठवेना.

बाई हसल्या. "मग इथे खणण्यासारखं काही नाही."

"आहे की," मावशी म्हणाल्या. "गवंड्याला बोलावते."

संडास झाला. सम्राट नव्या डब्यात, बटणांत जाऊन बसला. पाहुणे आले की सर्वज्ञ डबा मागायला येतात. मावशी हातातलं काज पुरं होईपर्यंत त्यांना उभं ठेवतात.