बापांची परीक्षा घेणारे पंतोजी

वऱ्हाडात पोरांना शिकवणारे पंतोजी पुष्कळ झाले असतील. पण पोरांआधी त्यांच्या बापांची परीक्षा घेणारे पंतोजी एकच होऊन गेले, आणि ते आमच्या गावात होते, हे मी घरापासून इतक्या लांब, मुंबईत बसूनही छाती पुढे काढून सांगतो. माझी शाळा तिसऱ्या पुस्तकातच सुटली, तेव्हा लिहिण्यात काही चुकलं तर दोष माझा, त्यांचा नाही.

अकोल्याहून पातूरला जाताना वाटेत आमचं गाव. विलायतेत कापसाची टंचाई पडलेली, त्यामुळे रस्त्याने दिवसभर कापसाच्या गाड्या धावत, आणि आम्ही पोरं गाड्यांना मागून लोंबकळत असू. पंतोजींचा जीव तिथेच टांगलेला. आधी ते अमरावतीकडच्या एका गावी होते. तिथे त्यांच्या एका विद्यार्थ्याच्या पायाला विळा लागला आणि रक्त वाहून तो मेला. माणसं भोवती जमली, रडली. हात कोणी लावला नाही. हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं, तेही आमच्याकडे पाठ करून.

आमच्या गावी आल्यावर त्यांनी नेम केला, की पोरगं शाळेत घालायचं तर आधी बापाने पास व्हायचं. पंतोजी आपला उघडा दंड पुढे करत. "हं, इथून रगत वाहून राह्यलं. काय करता?" कोणी म्हणे चुना, कोणी कापसाची राख, कोणी मंत्र टाकायला देवऋष्याला बोलवा. सगळे नापास. धुतलेला धडपा, म्हणजे फडकं, घडी करून जखमेवर ठेवायचा, तळहाताने दाबायचा, जखमी हात वर धरायचा आणि मधे उचलून पाहायचं नाही. किती वेळ? तर बेपासून दहापर्यंतचे पाढे म्हणून होईस्तोवर. त्यामुळे जन्मात पाटी न धरलेले कास्तकार वखर हाकता हाकता "बे दुणे चार" पुटपुटू लागले. धडपा पागोट्यात ठेवायचा हुकूम होता, आणि बाजाराच्या दिवशी पंतोजी रस्त्यात अडवून तो तपासत.

"भर बाजारात पागोटं उतरवाले लावता काय?" पाटील एकदा भडकले.

"डोक्यातलं तं दिसत नाही, पाटीलबुवा," पंतोजी शांतपणे म्हणाले, "डोक्यावरचं तरी दाखवा."

पाटलांनी दाखवलं. धडपा होता, पण त्यात तंबाखू बांधलेली होती.

माझे बाबा तीनदा नापास झाले. दर वेळी मधेच धडपा उचलून डोकावायचे. "पाहाले नको काय, थांबलं का नाही ते?"

"तुमी वावरात सरकी पेरता, तं रोज उकरून पाह्यता काय?" पंतोजी विचारत. मला त्यांनी शाळेत घेतलं ते बाबा पुढच्या खेपेला पास होतील या बोलीवर.

एकदा पंतोजी शाळा तपासणाऱ्या साहेबाला भेटायला अमरावतीला गेले होते. मी चालत्या गाडीवरून घसरलो, आणि गाडीत खोचलेल्या विळ्याने माझा हात मनगटापासून वर फाटत गेला. गाडीवानाने मूठभर कापूस उपसला. "कोंबा, कोंबा," लोक म्हणू लागले. तेवढ्यात बाबा वावरातून धावत आले. "बाजूले व्हा," म्हणाले, पागोट्यातला धडपा काढून दाबला, माझा हात वर धरला आणि मोठ्याने पाढे सुरू केले. सहापर्यंत नीट गेले. मग, "सात सक चाळीस."

"चुकलं, गड्या," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

बाबांना वाटलं, चुकलेले पाढे धरत नाहीत. त्यांनी पुन्हा बे एके बे धरलं. पुन्हा सातावर अडकले, पुन्हा पहिल्यापासून.

"अबे, उचलून तं पाह्य," गाडीवान म्हणाला.

"पुरे झाल्याबिगर उचलाचं नाही," बाबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तळहात तसूभर हलत नव्हता. चौथ्या खेपेला, डोळ्यांपुढे अंधारी येत असताना, मीच म्हणालो, "बेचाळीस, बाबा." मग पाढे दहापर्यंत गेले. रक्त थांबलं होतं. बाबांनी धडप्यावरूनच पट्टी बांधली.

दोन दिवसांनी पंतोजी परतले. त्यांनी माझा हात पाहिला, बोटं हलवून घेतली. "पाढे कच्चे हायेत," ते बाबांना म्हणाले, "पण पास." आणि तोंड धुवायला म्हणून विहिरीवर गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. बाबा मात्र आपण पास झाल्याचं आठवडाभर गावात सांगत फिरले.

पुढे मी चुलत्यांच्या गाडीबरोबर कापूस घेऊन निघालो, तो इकडेच राहिलो. पंतोजी गेल्याचं मला फार उशिरा कळलं. आता माझा मुलगा इथल्या शाळेत जातो. त्याच्या मास्तरांना मी पहिल्याच दिवशी विचारलं, पोराला लागलं तर काय कराल? ते चांगले गृहस्थ आहेत. हसले, म्हणाले, एवढी काळजी करू नका. मी बरं म्हणालो. पण मधल्या सुट्टीत गोदीतलं काम टाकून शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहतो, आणि कोणी हटकलं तर सांगतो, सहज आलो होतो.