मायच्या बोटांचे ठसे

देशातल्या प्रत्येकाला सरकार नवं ओळखपत्र देणार, दहाही बोटांचे ठसे आणि डोळ्यांचे फोटो घेऊन एक नंबर देणार, असं आम्हाला तालुक्याच्या बैठकीत सांगितलं. माणसं कॅम्पपर्यंत आणायचं काम नेहमीप्रमाणे अंगणवाडी सेविकांच्या गळ्यात मारलं. झरी जामणीकडच्या आमच्या गावात ती सेविका मी. पोलिओचा डोस असो की कुठली मोजणी, घरोघर झिजवायला सरकारला आमच्याच चपला दिसतात.

लोक काही केल्या ऐकेनात. कोणी म्हणे, नंबर आला की रेशन बंद. कोणी म्हणे, ठसा दिला की जंगलाच्या जमिनीवरचा हक्क संपला. शेजारच्या म्हाताऱ्या कोलाम आदिवासी बाबानं तर मला अंगणातूनच परत पाठवलं.

"माह्या बापानं एकडाव कागदावर अंगठा देल्ला होता. वावर गेलं. अन् तू तं दहाही बोटं मागून राह्यली!"

बैठकीत साहेबांनी या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं. मी चडफडत पुढच्या दारात गेले.

सगळ्यात वाईट अवस्था माझ्या घरीच होती. माझं माहेरही याच गावातलं; वडील गेल्यापासून माझी माय आमच्या घरामागच्या खोलीत राहायची. चूल वेगळी, रेशनकार्ड वेगळं. लेकीच्या सासरचं खायचं नाही, हा तिचा हट्ट. नवऱ्यानं किती विनवलं तरी आमच्याकडे ती चहाच्या पुढे सरकली नाही. दर महिन्याचे गहू-तांदूळ तिच्या नावानं यायचे आणि त्यावर तिची मान ताठ होती.

"मत टाकाले बरं ओळखते मले सरकार," ती म्हणाली. "मंग आता बोटं काहून मांगते?"

दिवसभर हेच ऐकून माझं डोकं उठलं होतं. मी म्हटलं, "माय, नंबर नसला तं पुढं रेशनातून नाव कटते म्हणते. मंग खाजो माह्या घरचं."

दुसऱ्या दिवशी ती कॅम्पला आली.

कॅम्प ठेवला होता ऐन वेचणीत. कापसाला भाव नाही, बोंडात अळी, अशी ती वर्षं. वेचणीची मजुरी किलोवर, म्हणून बाया उजाडल्यापासून वावरात. मायसारखी वेचणारी गावात दुसरी नव्हती. दोन्ही हात एकदम चालायचे आणि ओटी भरली की मगच ती कंबर सरळ करायची. पण वाळलेल्या बोंडाची टोकं बोचून बोचून बोटांची कातडी सोलून निघते. काचेवर तिनं बोटं ठेवली तर मशीनला काही दिसेचना. ऑपरेटरनं काच पुसली, तिची बोटं पुसली, वरून दाबून पाहिली. शेवटी म्हणाला, "आजी, बोटांना काहीतरी लावा आणि उद्या या."

तो यवतमाळचा. त्याच्या मनात तेल असेल नाहीतर मलम. आमच्याकडे फुटलेल्या टाचेला काय लावतात? बिबा. सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि टपकणारं तेल भेगेत सोडायचं. मायनं मला न विचारता ते दहाही बोटांवर सोडलं. टाचेची कातडी जाड असते, तिला सोसतं. सोललेल्या बोटांवर बिबा उतला. सकाळी बघते तर बोटं टम्म सुजलेली, टोकांवर पाण्याचे फोड.

"माय, हे काय करून ठेवलं?" मी ओरडलेच.

"त्यानंच तं सांगतलं, लाव म्हनून," ती म्हणाली. हात मात्र तिनं पदराखाली घेतले.

ऑपरेटरनं फोड पाहिले आणि तो हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आमच्यामागे अख्खी रांग उभी होती. कॅम्प उठून दुसऱ्या गावाला गेला.

उरलेली वेचणी माय दारात बसून होती. बाया समोरून वावरात जायच्या आणि ती त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही. हळूहळू नवी कातडी आली. मग मी तिला तालुक्याच्या केंद्रावर घेऊन गेले. मशीननं पहिल्याच दाबाला ठसे घेतले. "वा आजी, काय स्वच्छ ठसे आहेत!" तिथला ऑपरेटर म्हणाला. हंगामभर घरी बसल्यावर येणारच स्वच्छ! कार्ड आलं, तेव्हा मला वाटलं, सुटलो एकदाचे.

कुठलं सुटतोय! काही वर्षांनी रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आलं. पावसाळ्यात सगळं सुरळीत चाललं. वेचणी सुरू झाली आणि मायचा अंगठा जुळेना.

दुकानदार गावातलाच. तो जन्मला तेव्हा त्याला पहिली अंघोळ घालणारी माझी माय. "मावशी," तो म्हणाला, "तू कोन हायेस ते मले मालूम हाय. मशीनले नाही ना मालूम."

"मंग तुले मालूम हाय तं दे ना!" मी भांडले.

"बाई, माहं दुकान जाईन."

मी तालुक्याला जाऊन तक्रार केली. तिथल्या बाबूनं मान वर न करता सल्ला दिला, "वेचणी बंद ठेवा म्हणावं थोडे दिवस." मी त्याला नको नको ते बोलून आले. उपयोग शून्य. त्या महिन्यात मी मायकडे पाठवलेलं ताट जसंच्या तसं झाकलेलं परत आलं. घरात होती नव्हती ती ज्वारी तिनं पुरवून पुरवून खाल्ली. माझ्या घरात पोतं भरलेलं आणि माझी माय भिंतीपलीकडे अर्धपोटी. मला रडू येत होतं आणि तिच्या हट्टाचा संतापही येत होता.

पुढच्या वेचणीला ती उजव्या अंगठ्याला जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट बांधून निघाली. मला वाटलं, काही लागलं असेल.

"लागलं नाही. याले यंदा कापसाले लावत नाही," ती म्हणाली.

अंगठा अलग धरून वेचायचं म्हणजे एक हात गेल्यातच जमा. मी वावरात जाऊन पाहिलं. बाकीच्या बाया ओट्या भरून पार वावराच्या पलीकडच्या धुऱ्यापर्यंत पोचल्या होत्या. गावातली सगळ्यात चपळ वेचणारी अर्ध्या तासात एकटीच मागे होती. मजुरीही अर्धीच पडली.

त्या महिन्यात दुकानात तिनं सगळ्यांसमोर चिंधी सोडली, अंगठा पदरानं पुसला आणि काचेवर ठेवला. मशीननं घेतला. माय मागे वळून रांगेकडे बघत लहान पोरीसारखी हसली.

"ओळखलं, बाप्पा, मले!"

त्या रांगेत तिला न ओळखणारं एकही माणूस नव्हतं.