वहीत पाच कमी

दर आठ-पंधरा दिवसांनी माझा लेक मोबाईल घेऊन खुर्चीपाशी येतो आणि म्हणतो, "बाबा, नवीन अपडेट आलंय." जसा काही घरी पाहुणाच आलाय. मी विचारतो, "जुन्यात काय खराब होतं?" त्याला ते ठाऊक नसतं. ज्यांनी ते बनवलं त्यांनाही नसणार. हाताला काम नसलेली माणसं बसल्या जागी खिळा काढतात आणि तोच परत ठोकतात, तसला प्रकार.

सिरसाळ्यात आमचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची, बोअरची मोटार जळाली की आमच्याकडं येते. आतली जळकी तांब्याची तार काढायची आणि नवी भरायची. तार किती जाड आणि तिचे टर्न, म्हणजे वेढे किती, एवढ्यावर सगळा खेळ. वेढे कमी पडले तरी मोटार फिरते, पाणीही देते, पण आतून तापत राहते आणि आठवड्यात धूर काढते. मी चौथी नापास. पण कोणती मोटार किती टर्न मागते हे विचारायला शिकलेली माणसं माझ्याकडं यायची.

ते आकडे माझ्या एका लाल पुठ्ठ्याच्या वहीत होते. मागच्या साली मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डोळ्याला पट्टी बांधून मी घरी पडून होतो. तेवढ्यात लेकानं वहीचं पान न् पान मोबाईलवर चढवलं, त्याची ऑनलाइन शीट केली आणि लिंक जिल्ह्यातल्या वायंडिंगवाल्यांच्या ग्रुपवर टाकली. पट्टी सुटल्यावर पहिलं काय दाखवलं असेल तर ते.

"आता वही हरवायची भीती न्हाई, बाबा. जगात कुठूनबी उघडा."

"जगाला कावून उघडून दाखवायची? जगानं माझ्या हाताखाली काम केलंय का?"

तो हसला. मला हसू आलं नाही, कारण वहीतले आकडे खोटे होते. प्रत्येक आकडा पाचनं कमी.

ही रीत मला परळीच्या उस्तादांनी शिकवली. त्यांची वही एका कामगारानं पळवली होती आणि त्यांच्याच गल्लीत दुकान टाकलं होतं. तेव्हापासून ते खरा आकडा कागदावर आणीत नसत. म्हणायचे, "किताब चोरी जाती बेटे, सिर नै जाता." ते तीन कमी लिहायचे, मी पाच. शेहेचाळीस टर्नची मोटार माझ्या वहीत एक्केचाळीस. आमच्या दुकानात त्यानं कधी घोटाळा झाला नाही. आधी जळकी कॉइल मोजायची ही माझी शिस्त. तिचा जळून गोळाच झाला असेल तर वही मी उघडायची आणि खरा आकडा तोंडानं सांगायचा. लेक वीस वर्षं माझ्या शेजारी बसून तार भरतोय. त्यालाही मी हे सांगितलं नव्हतं. मरायच्या आधी सांगू, असं मनात होतं.

पट्टी सुटली त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. पण मी म्हटलं, वायंडिंग करणारा माणूस आधी कॉइल मोजणारच, शीट बघतंय कोण? इथं मी चुकलो. आता मोजत कुणीच नाही. सगळे बघतात.

आणि बघणारे कसले! नाव न सांगता आत शिरलेला माणूस त्या शीटवर जनावराच्या नावानं दिसतो. लेक कौतुकानं सांगायचा, "बाबा, आता आपल्या वहीत एक उंट हाय आन् दोन कोल्हे." आमच्या वहीला कुणी नुसता तेलकट हात लावला तर मी खेकसायचो. इथं कोल्हे बसवलेत.

मग एक अपडेट आलं. कुणी काय लिहिलं, काय खोडलं, ते नावानिशी कायमचं राहतं म्हणे. मी म्हटलं, "खोडलेलं राहत असंल तर खोडायचं कावून?" मग दुसरं आलं. आकड्याच्या कडेला कुणीही शेरा मारायचा आणि बाकीच्यांनी त्याच्याखाली अंगठा द्यायचा. मी चौथी नापास, पण बँकेत सही करतो, आणि त्या सहीसाठी घरच्या पाटीवर महिना घालवलाय. ही पदव्या घेतलेली माणसं दिवसभर अंगठे उठवतात.

पण तिसरं अपडेट आलं तेव्हा माझी मस्करी बंद पडली. रिकामा खाना असला की शीट वरचे-खालचे आकडे बघून स्वतःच आकडा सुचवायला लागली. मी लेकाला म्हटलं, "जी मोटार त्यानं पाहिली न्हाई, तिचा आकडा ते सांगणार? बघू दे." वहीत नसलेली एक मोटार दाखवली. ती मी स्वतः भरलेली, त्रेचाळीसची. शीटनं अडतीस सांगितले. बरोब्बर पाच कमी. माझं खोटं त्या यंत्रानं खरं धरलं होतं आणि त्याची पिल्लं काढायला सुरुवात केली होती.

तरी मी गप्प बसलो. चाळीस वर्षांचा मान होता, तो असा अंगणात कोण फेकतो?

मग कडा गावाहून लेकीचा फोन आला. तिकडं तिची लिंबोणीची बाग आहे. दिवस भर उन्हाळ्याचे, आणि इथं मोटार घेऊन यायचं तर सगळा जिल्हा ओलांडायचा.

"बाबा, मोटार परत जळाली. महिन्यात दुसऱ्यांदा. झाडं माना टाकायला लागली."

"भरली कुणी?"

"इथल्याच वायंडिंगवाल्यानं. तो म्हणतो, तुमच्या बापाच्याच वहीतून भरली, त्यालाच विचारा. एक्केचाळीस टर्न."

"शेहेचाळीस घालायला सांग."

"वहीत तर एक्केचाळीस हाय ना?"

"मी शेहेचाळीस म्हणतोय."

ती म्हणाली, "मंग वही खोटी का तुमी?"

फोन स्पीकरवर होता आणि लेक मागंच उभा होता. त्यानं हातातली तार खाली ठेवली.

"पाच कमी?" तो म्हणाला.

"पाच."

"सगळ्यात?"

"सगळ्यात."

"मला सांगितलं असतं तर मी काय वही घेऊन समोर दुकान टाकणार होतो का?"

मी उस्तादांची गोष्ट सांगायला लागलो. त्यानं मधेच मोबाईल पुढं केला. कडेला शेरेच शेरे. 'कोण हाय बे हा सिरसाळ्याचा? दोन मोटारी घालवल्या.' 'बाप हुशार होता, पोरगं येडं निघालं.' खाली अंगठे. महिनाभर लेक दुपारी काम थांबवून वही आणि शीट ओळीनं ताडून बघत होता, ते मी पाहिलं होतं. मला वाटायचं, नवीन काही चढवतोय. तो स्वतःची चूक शोधत होता.

"आता एका झटक्यात सगळ्या खान्यांत पाच मिळवतो," तो म्हणाला. "एक सेकंद लागतो."

"थांब. नाव कुणाचं येईल?"

"माझंच. आकडे मीच टाकलेत. दुरुस्तीबी माझ्याच नावावर."

म्हणजे खोटं बोलणारा तोच, आणि सापडल्यावर सारवासारव करणाराही तोच. खोडलेलं कायम राहतं ते असं.

"माझ्या मोबाईलवर उघडून दे," मी म्हटलं.

त्यानं दिलं. मी बोटानं एक आकडा सुधारला, आणि तो कितीतरी दिवसांनी हसला. "बाबा, तुमी उंट झालात."

"उंट गेला खड्ड्यात. माझं नाव आण."

नावासाठी खातं काढावं लागलं. त्यानं पासवर्ड मागितला. मी घातला तर वर म्हणतंय, कमकुवत आहे. मी म्हटलं, माझं मनगट बघ म्हणावं त्याला.

तीन दिवस लागले. दोनशे अकरा मोटारी. एका सेकंदाचं काम मी तीन दिवस केलं, एका बोटानं, एकेक खाना, आणि दरेक खान्यापुढं माझं नाव चढलं. सगळ्यात वर लिहिलं, 'हे आकडे चाळीस वर्षं मीच पाच कमी लिहिले. लेकानं वहीत होतं तेच उतरवलं. आधी जळकी कॉइल मोजा.' मधेच यंत्र माझी वाक्यं सुधारून द्यायला आलं. त्याला हाकललं.

लेक तीन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. चौथ्या दिवशी चहा आणून ठेवला आणि माझ्या शेजारी बसून तार भरायला लागला.

आठवड्यानं लेकीचा फोन आला.

"पाणी चालू झालं, बाबा. इथला वायंडिंगवाला विचारतोय, वहीत आता तुमचं नाव दिसतंय. आता तरी आकडा खरा हाय का?"

मी म्हटलं, "मोजून बघ म्हणावं."