मोहाची राखण

सासूबाईंनी अंगणात चटईवर वाळत घातलेली आठवडाभराची मोहफुलं मी शेळ्यांना खाऊ दिली, तेही हातात काठी घेऊन राखणीला बसलेलो असताना. परवा बाजारात मोहाचा तो गोड, डोकं जड करणारा वास आला आणि सगळं आठवलं. बल्लारपुरातली रात्रपाळी उरकून, गडचिरोलीच्या बसमध्ये उभ्यानं ताटकळत मी सासुरवाडीला पोचलो होतो. अंग नुसतं आंबलं होतं. सासूबाई टोपली घेऊन पुन्हा मोह वेचायला निघाल्या होत्या. "जावईबापू, एवढ्यावरच पावसाळ्याचं तेलमीठ हाय. बकऱ्या येतीन, ध्यान ठेवजा," एवढंच म्हणाल्या. झोप येऊ नये म्हणून मी पिशवीतला विज्ञानकथांचा जाडजूड संग्रह काढला. जुन्या गोष्टींतली माणसं चंद्रावर जाऊनही दमत नव्हती; नव्या गोष्टींत यंत्रंसुद्धा थकलेली. त्यातच एक अशी सापडली की मान वर होईना: अंतराळयानातले सगळे प्रवासी झोपलेले आणि एकटा पहारेकरी शेकडो वर्षं डोळ्यांत तेल घालून जागा. गोष्ट संपली तेव्हा चटई रिकामी होती आणि एक शेळी माझ्या काठीचं टोक चघळत होती. सासूबाई परतल्या, टोपली उतरवून चटईशेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "काय वाचून राह्यले होते?" मी मुकाट्यानं पहारेकऱ्याची गोष्ट सांगितली. आजही पाळीवरून थकून आलो आणि पुस्तक हातात घेतलं, की त्यांचा तो दमलेला आवाज ऐकू येतो: "मंग त्यालेच पाठवाचं होतं, जावईबापू. तुमी काऊन आले?"